स्टिक मागे नेऊन थांबणारा हात

रोह्याच्या आमच्या पूल पार्लरमध्ये खरे खेळणारे चौघंच, आणि चौघांचे हात चार तऱ्हेचे. एकजण कोंबडीने दाणे टिपावेत तसा झटके मारायचा. दुसऱ्याचं कोपर पार बाहेर जायचं, तरी बॉल नेमका पॉकेटात. माझा फटका सरळ, मोबाइलवर व्हिडिओ बघून घोटलेला. त्याचा मला भारी माज होता. चौथा दादा. धाटावच्या कंपनीत माझ्याच शिफ्टला, वयाने बराच मोठा, पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातून येणारा. तो स्टिक मागे नेऊन थांबायचा, मनात एक-दोन-तीन म्हणून होईल इतका. मगच मारायचा, आणि क्वचितच चुकायचा.

ते थांबणं मला खुपायचं. पेणला स्पर्धा ठरली तसा मी त्याच्या मागेच लागलो.

"दादा, तुझा हात अडतो. एका दमात मार."

"माझा बरा हाय रे," तो म्हणायचा.

मी ऐकतोय कसला! पहिली शिफ्ट सुटली की रोज दुपारी त्याच्याकडून घोटून घेतलं. शेवटी त्याची सवय मोडली.

पेणला दादाचा शेवटचा आठ नंबरचा बॉल उरला, अगदी पॉकेटाच्या तोंडाशी. दादा न थांबता मारायला गेला आणि स्टिकचं टोक थरथरलं. पांढरा बॉल नुसता खरवडला. लोक हसले. समोर बसलेले आमचे शिफ्टचे साहेब हसले नाहीत.

"हात कधीपासून कापतो?" त्यांनी विचारलं.

दादाने स्टिक टेबलावर ठेवली.

त्याला गाडीवरून घरी सोडताना मला सगळं कळलं. हात दोन वर्षं कापत होता. जरा थांबलं की स्थिर व्हायचा. कंपनीत व्हॉल्व्ह फिरवतानाही तो तसाच थांबायचा.

"मग मला बोलला का नाहीस?" मी चिडून विचारलं.

"तू म्हटलास, एका दमात मारलं का जमतं. मला वाटलं, कापायचा पण जाईल."

कंपनीने त्याची तपासणी केली आणि घरी बसवलं. साहेबांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. चुकलो मी, तेही शहाणपणा करायला जाऊन.

महिन्याने त्याच्या घरी गेलो. वहिनींनी दोघांना चहा दिला. दादा हसून पार्लरची चौकशी करत होता. मी निघेपर्यंत त्याने आपला कप उचलला नाही.