तांबडीचा तळपाय

आमच्या शेजारची काकी रोज तिन्हीसांजेला कोंबडीचे पाय चेपायची. निदान आम्ही तरी तसंच म्हणायचो. खुराडं बंद करण्याआधी ती आपल्या एकुलत्या एक तांबडीला मांडीवर उताणी घ्यायची आणि दोन्ही तळपायांवरून अंगठा फिरवायची. मी कुंपणावरून ओरडायचे, "काकी, आता तिका तेल लावन आंघोळ पण घाल!" काकी हसायची, पण पाय काही सोडायची नाही.

काका गेल्यापासून त्या घरात या दोघीच. त्यामुळे आषाढात लेकीच्या बाळंतपणासाठी मुंबईला जायची वेळ आली, तेव्हा काकीचा जीव तांबडीत अडकला. "तुझ्याकडे ठेवतंय गो," ती म्हणाली. "सांजचे तिचे पाय तेवढे बघ." मी "हो हो" म्हटलं आणि विसरले.

नवी कोंबडी घरात आली की आमच्याकडे तिच्या पायाला सुंभाची दोरी बांधतात. चार-आठ दिवसांत ती घराला रुळते, मग सोडायची. सासूने मला हेच शिकवलं होतं. मी तांबडीला पडवीच्या खांबाला बांधलं. खाली चिऱ्याची खरबरीत जमीन, त्यावर पावसाचे शिंतोडे. तांबडी दिवसभर काकीच्या बंद घराकडे तोंड करून हिसके देत राहिली. दोरी पोचेल तेवढी जागा चिखलाने आणि शिटेने भरली.

आठवड्याभराने ती लंगडायला लागली. दोरी काचली असणार, असं ठरवून मी ती दुसऱ्या पायाला बांधली आणि वर स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. त्याच संध्याकाळी काकीचा फोन आला.

"तांबडी बरी आसा मा?"

"बरी आसा."

"पाय बघतंस मा?"

"रोज बघतंय." एकदाही बघितले नव्हते.

ती पाय टेकायचीच बंद झाली, तेव्हा टोपलीत घालून तिला गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिला उताणी केलं, अगदी काकीसारखं. तळव्याच्या मधोमध काळी खपली आणि भोवती टणक सूज. "ओल्या जमिनीवर घासून जखम झाली, त्यात घाण शिरली," ते म्हणाले. "तळपाय रोज बघितले असते तर एवढं वाढलं नसतं." त्यांनी जखम साफ केली आणि मला सांगितलं, की रोज कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवायचा, आयोडिनने पुसायचा, मलम लावून कोरडी पट्टी बांधायची. खाली सुकं गवत घालायचं. दोरी तर आधी सोडायची.

चार दिवस मी सगळं नीट केलं. सूज उतरली. मग भाताची लावणी सुरू झाली, माणसं मिळेनात, मी दिवसभर गुडघाभर चिखलात. संध्याकाळी पाठ मोडलेली असायची आणि पट्टी उद्यावर जायची. मधे काकीचे दोन फोन आले. दोन्ही वेळा मी "बरी आसा" म्हटलं. लावणी आटपली तोवर सूज पायभर चढली होती आणि तांबडीने दाणे टिपणं सोडलं होतं. दोन दिवसांत ती गेली. काकीला मी फोनवर तेव्हाही सांगितलं नाही. माझी हिंमतच झाली नाही.

काकी परतली ती वाटेवरूनच "तांबडे!" अशी हाक मारत. हातात नातीच्या जन्माचे पेढे. मी रडतच सगळं सांगितलं, फोनवरच्या खोट्यासकट. ती पडवीत बसली. खांबाला अजून सुंभ लोंबत होतं.

"ह्या कित्याक बांधलंस?"

"तुझ्या घराकडे पळात म्हणान."

"पळाली असती," काकी हळूच म्हणाली. "घराक कुलूप बघून दोन दिसांनी आपसूक तुझ्याकडेच इली असती गो."

पेढे माझ्या हातात ठेवून ती उठली. त्यानंतर तिने कोंबडी पाळली नाही. मी देऊ केलेली कोवळी तलंग कोंबडीही तिने घेतली नाही.

आता माझ्याकडे तीन कोंबड्या आहेत. दोरी कुणालाच नाही, आणि पावसात खुराड्यातलं गवत मी ओलं राहू देत नाही. तिन्हीसांजेला एकेकीला मांडीवर घेऊन तळपायांवरून अंगठा फिरवते. काकी कुंपणापलीकडून बघत असते. तिने एकदा तरी मला चिडवावं, असं फार वाटतं.