खर्रा सोडून बासरी धरली त्याची गोष्ट

हट्ट हा गुण की रोग, याचा निकाल माझ्या भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला पाहिल्याशिवाय कोणी लावू नये. बल्लारपूरच्या कागद कारखान्यात आम्ही दोघे बांबूच्या यार्डात कामाला आणि क्वार्टरही शेजारी-शेजारी. ऐंशीच्या दशकातला हा माणूस डोळ्यांसमोर आणायचा तर आधी डावा गाल फुगलेला दिसतो. त्या गालात खर्रा असे. सुपारी, तंबाखू, चुना घोटलेला तो ऐवज तोंडात असल्यामुळे तो मान वर करून गुळण्या केल्यासारखा बोले, आणि फारच आळस आला तर नुसत्या भुवयांनी काम भागवी. सायबानं विचारलं, "गाडी खाली झाली का?" तर उजवी भुवई म्हणजे हो आणि डावी म्हणजे नाही. लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हाही गाल भरलेलाच होता, असं वहिनी, म्हणजे त्याची बायको, शपथेवर सांगत.

असा हा माणूस एकदा चैत्रात आमच्यासोबत चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, महाकालीच्या यात्रेत आला. एका बासरीवाल्याकडची आडवी बासरी त्यानं सहज उचलली, तोंडाला लावली आणि असा दम मारला की विचारू नका. सूर काही निघाला नाही, सुपारीचे दोन तुकडे मात्र थेट भोकात जाऊन बसले. माणसं हसली. बासरीवाल्यानं शांतपणे काडीनं भोक साफ केलं आणि म्हणाला, "भाऊ, पहिले तोंड रिकामं करा. खालचा ओठ भोकाच्या काठाले टेकवा, अन् पलीकडच्या काठावर बारीक फुका. खर्रा हाय तवर हे बोलत नसते."

झालं! शेजाऱ्यानं तीच बासरी विकत घेतली. "पुढच्या यात्रेत तुह्यासमोर आखी चाल वाजवून दाखवतो," असं त्याला बजावलं, नालीपाशी जाऊन गाल रिकामा केला आणि खिशातली पुडी माझ्या हातात कोंबली. मला खर्रा चालत नाही, आपली बिडी बरी. ती पुडी मी स्टेशनवर एका हमालाला देऊन टाकली.

मग सुरू झालं वर्ष. रोज सकाळी व्हरांड्यात खिळ्याला आरसा टांगून हा आपल्याच ओठांकडे रागानं बघत बसे. आधी खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीवर आडवं फुंकायचं, ती घुमली की बासरी उचलायची. बासरी म्हणे, फुस्स. पुन्हा बाटली, पुन्हा बासरी, पुन्हा फुस्स. एकदा फुंकून फुंकून चक्कर आली आणि गडी आरशासकट खाली आला. "जलमभर बांबूच्या छातीवर बसलो," तो मला म्हणाला, "अन् एवढीशी कांडी मले आयकत नाई म्हंजे काय?" शेवटी एका सकाळी वरची तीन भोकं बुजवून त्यानं फुंकलं आणि चक्क स्वच्छ 'सा' निघाला. तो इतका दचकला की फुंकायचंच विसरला. मग तो सूर पुन्हा सापडेपर्यंत पावसाळा निम्मा सरला. पुढे बोटांनी दगा दिला. बांबू उचलून घट्टे पडलेली बोटं टोकांनी टेकवली की वारा निसटे. टोकं नाही, पेरं सपाट ठेवायची, हे त्याचं त्यालाच उमगलं. कारखान्याच्या गेटवर दोस्त खर्रा पुढे करत. हा पुडी हातात घेई, डोळे मिटून वास घेई आणि परत देई. ते बघून मलाच गलबलून येई.

वहिनींचा राग वेगळाच होता. "भाऊजी, लगन झाल्यापासून मी बोंबलून राह्यली, खर्रा सोडा. आयकलं नाई. त्या बासरीवाल्यानं एक डाव सांगतलं तं सोडला! मंग मी परकी झाली काय?" ती बासरी चुलीत घालीन, असं त्या रोज म्हणत.

पुढच्या चैत्रात आम्ही तिघे पुन्हा चांद्याला गेलो. बासरीवाला त्याच जागी होता. शेजाऱ्यानं तोंड पुसलं आणि गावाकडे दंडारीच्या खेळात नाचतात ती साधी चाल धरली. एकदा चुकला, थांबला, पुन्हा पहिल्यापासून धरली आणि आखी वाजवली. बासरीवाल्यानं मान डोलावली. "मस्त. कोणती देऊ, भाऊ?"

बासरीवाल्याला काहीच आठवत नव्हतं. शेजारी "मागच्या साली..." एवढंच बोलला आणि बासरी सदऱ्याला पुसत राहिला. त्याचा चेहरा मला बघवेना. तेवढ्यात वहिनी पुढे झाल्या. "याच्यासारखीच आनखी एक द्या. चांगली बोलनारी पाहून." मग नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "हातातली फुटली तं परत खर्रा खासान ना." परतीच्या पॅसेंजरमध्ये ती बासरी त्यांनी पदरात गुंडाळून धरली होती. बल्लारपूर येईपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही.

पहिली कधी फुटलीच नाही. नोकरी संपल्यावर ती दोघं मूल तालुक्यातल्या आपल्या गावी गेली. निघताना वहिनींनी ती दुसरी, कोरी बासरी माझ्या हाती दिली. "आता आमाले नाई लागत. तुमी बिडी पेता ना, भाऊजी?"

भिंतीपलीकडे आता फार शांत माणसं राहतात. मी सकाळी व्हरांड्यात बसतो, बिडी विझवतो, खालचा ओठ काठाला टेकवतो आणि पलीकडच्या काठावर बारीक फुंकतो. अजून फुस्सच निघतं. चिडून 'चुलीत घालीन' म्हणणारं मात्र पलीकडे कोणी नाही.