बाजूने आलेला वारा

त्यांचं खरं नाव नाटक कंपनीच्या हजेरीवहीत असेल तर असेल. बाकी सगळ्यांना ते वारेमास्तर. जहाजाच्या डोलकाठीला धरून नायक गरजतोय, अंगावरचा झगा फडफडतोय, केस उडताहेत आणि पहिल्या रांगेतल्या बायका नकळत शाल अंगाभोवती ओढून घेताहेत, तो वारा मास्तरांचा. विंगेत एक भलामोठा पंखा, पंख्यापुढे दोन फळ्या आणि फळ्यांमागे मास्तर. फळी जराशी कलती केली की झुळूक, सताड उघडली की तुफान. पस्तीस वर्षांत त्यांचा वारा एकदाही चुकीच्या वाक्यावर सुटला नाही. टाळ्या नटाला पडायच्या. त्यातल्या मूठभर मास्तर मनातल्या मनात आपल्याकडे वळवून घ्यायचे. चारचौघांत आपल्या कलेबद्दल अंमळ जास्तच बोलत, हे खरं. पण कुणाचं वाईट चिंतणारा हा माणूस नव्हता. म्हणून तर पुढे जे झालं ते त्यांना इतकं लागलं.

कंपनी बंद झाली, मास्तर घरी बसले. घरात ते आणि त्यांची बायको. दोन वर्षांपूर्वी धाकट्या भावाची मुलगी त्यांच्याकडे राहायला आली. पोरगी सायकलच्या शर्यतींत भाग घ्यायची आणि शिकवणारी चांगली बाई याच शहरात होती. काकूने मागची खोली रिकामी करून दिली. पुतणीने तिथे सायकलचं मागचं चाक काढून ती एका जड लोखंडी यंत्रावर बसवली. पॅडल मारलं की यंत्र पायाला अडवायचं, आणि तुम्ही किती जोर लावताय तो आकडा समोरच्या छोट्या पडद्यावर दाखवायचं. सायकल मात्र तसूभर पुढे सरकायची नाही.

"एवढे पाय मारून पोरगी आहे तिथेच!" काकू म्हणायची. "तुझ्या काकांच्या संसारासारखं झालं हे."

अडचण एकच होती. रस्त्यावर सायकल पळाली की वारा आपोआप अंगावर येतो. खोलीत सायकल जागची हलत नाही, मग वारा कुठून येणार? खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड करून उभी. पंधरा मिनिटांत पोरीच्या कोपरांवरून घामाच्या धारा लागायच्या, खालचा टॉवेल पिळून घ्यावा लागायचा, आणि पाय ठणठणीत असूनही आकडा घसरायचा. शरीर तापलं की पाय ऐकत नाहीत, असं शिकवणाऱ्या बाईंनी तिला समजावलं होतं. आणि महिनाभरावर निवड आली होती. सहा मुली, संघात जागा चार. बाई प्रत्येकीच्या घरी येऊन, तिच्याच यंत्रावर, चाळीस मिनिटं परीक्षा घेणार होत्या.

"काका," पुतणी एका सकाळी म्हणाली, "मला एक चांगला पंखा घ्यायचाय. याल का बरोबर?"

हे वाक्य कुणाला म्हटलं! मास्तर ताडकन उठले, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि कंपनीतला जुना रेशमी रुमाल खिशात घातला.

पंख्यांच्या दुकानात एक पन्नाशीची, चष्मा डोक्यावर सरकवलेली बाई बसली होती. तिने पुतणीला नीट विचारून घेतलं. खोली केवढी, सायकल कुठे, किती वेळ चालवतेस. मग पायानेच एक पंखा पुढे सरकवला. जमिनीवर ठेवायचा, बुटका, पिंपासारखा गोल, काळ्या जाळीचा.

"हा घे. दिसायला भिकार आहे, पण वारा सरळ रेषेत फेकतो. समोर ठेव, तोंड जरा वर कर, थेट छातीवर येऊ दे. माझ्याकडून व्यायामशाळावाले हाच नेतात."

"हा पंखा आहे की कचऱ्याचा डबा?" मास्तर म्हणाले.

"काका..." पुतणी हळूच म्हणाली.

"थांब गं. ताई, तुम्ही पंखे विकता, मी वारा केलाय पस्तीस वर्षं." मास्तरांनी रुमाल काढला, हात लांब करून चिमटीत धरला. "लावा एकेक."

त्यांच्या कामातली ती रीतच होती. वारा कापडावर पाहायचा. ज्या पंख्यापुढे कापड डौलात फडकतं तो पंखा खरा. बाईंनी मुकाट्याने सहा पंखे लावले. काळ्या डब्यापुढे रुमाल नुसता ताठ झाला आणि काठीसारखा उभा राहिला. उंच दांड्याच्या, मोठ्या पात्यांच्या पांढऱ्या पंख्यापुढे मात्र असा काही लहरला, की दुकानातलं एक गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. झालं, पांढरा पंखा ठरला.

"तिला घाम वाळवायचाय हो," बाई म्हणाल्या, "निशाण फडकवायचं नाहीये."

मास्तर हसले आणि पुतणीला म्हणाले, "चल, आपण कारागीर माणसं. यांना नाही कळायचं." पुतणीने जाताना त्या काळ्या डब्याकडे एकदा वळून पाहिलं. पण काका एवढे रंगात आलेले. तिच्याच्याने बोलवलं नाही.

घरी आल्यावर पुतणीने पंखा सायकलच्या समोर ठेवला. मास्तरांनी तो उचलून कोपऱ्यात नेला.

"नटाच्या तोंडावर वारा कधी टाकायचा नाही. डोळे मिटतात, घसा कोरडा पडतो. वारा बाजूने द्यावा."

"काका, मला संवाद म्हणायचे नाहीत," पुतणी म्हणाली आणि पंखा पुन्हा समोर आणला.

तीन आठवडे हे चाललं. मास्तर येता-जाता पंखा थोडा थोडा बाजूला सरकवायचे, ती परत सरळ करायची. दोघं हसायची. पांढरा पंखा दुकानातल्या डब्याइतका जोरकस नव्हता, पण समोरून चालून जायचं. शेवटच्या आठवड्यात तिने चाळीस मिनिटं दोनदा पूर्ण केली. आकडा दोनशे दहाच्या खाली आला नाही. काकूने तो कॅलेंडरवर लिहून ठेवला.

परीक्षेच्या दिवशी, शनिवारी, सकाळी नऊला शिकवणाऱ्या बाई आल्या. बारीक, उभ्या चेहऱ्याची, मनगटावर दोन घड्याळं बांधणारी बाई. काकू त्यांना बाहेरच्या खोलीत चहा देत होती, पुतणी केस बांधायला आत गेली होती. मास्तरांनी मागच्या खोलीत बाईंसाठी दारापाशी खुर्ची मांडली आणि सवयीने, आधी स्वतः तिथे बसून पाहिलं. पाहिलं आणि लगेच उठले. पंखा मधोमध! पोरगी त्याच्यामागे अर्धी झाकली जाणार! एवढी महत्त्वाची बाई बघायला आलेली आणि तिला दिसणार काय, तर पंख्याची पाठ?

त्यांनी पंखा उचलला आणि खिडकीजवळच्या कोपऱ्यात नेला, तिरका केला, तोंड हवं तसं कलवलं. कुणाला विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे असंच त्यांना वाटलं नाही.

पुतणी आली, पंखा पाहून थबकली. पण बाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "आटप, मला अजून दोन घरं करायचीत." पाहुण्यांसमोर काकांना काय म्हणायचं? ती सायकलवर चढली.

पहिली दहा मिनिटं दृश्य असं काही जमलं म्हणता! पोरीच्या कपाळावरच्या बटा उडताहेत, सदऱ्याची बाही फडफडतेय, मागचा पडदा फुगतोय. मास्तर भिंतीला टेकून उभे. त्यांना कित्येक वर्षांनी विंगेत उभं राहिल्यासारखं वाटलं.

बाविसाव्या मिनिटाला पुतणीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. सरळ, रोखून. मास्तरांना वाटलं, पोर खूश आहे. त्यांनी अंगठा दाखवला आणि पंख्याचा वेग एकाने वाढवला. बटा आणखी उडाल्या.

एकतिसाव्या मिनिटाला आकडा एकशे सत्तरवर आला. बाई म्हणाल्या, "थांब." पुतणी उतरली आणि जमिनीवरच बसली. चेहरा लालबुंद, ओठ पांढरे. खिडकीकडची बाही कोरडी खडखडीत, बाकी सगळं अंग भिजून चिंब. काकू पाणी घेऊन धावली.

बाईंनी एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा कोपऱ्यात.

"पंखा असा तिकडे कुणी ठेवला?"

पुतणीने काकांकडे पाहिलं. एक क्षणच.

"मीच," ती म्हणाली. "समोरून डोळ्यांत टोचतो."

"एवढं शिकवून तुला इतकं कळू नये?" बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

मास्तर टॉवेल घेऊन उभे होते. त्यांचं तोंड उघडलं. एका वाक्याचं काम होतं: बाई, ठेवला मी. पण आयुष्यभर पडदा उघडा असताना शब्द न काढण्याची जिभेला लागलेली सवय म्हणा, की चारचौघांतला मोठेपणा जाईल ही भीती म्हणा, तोंड मिटलं. बाई चपला घालून निघून गेल्या.

दुपारी पुतणी बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. मास्तर मागच्या खोलीत गेले, सायकलवर चढले आणि पॅडल मारू लागले. पंखा अजून कोपऱ्यातच होता. सहा मिनिटांत त्यांचा एक दंड गारठला आणि छातीत भट्टी पेटली. मग धापा टाकत उतरून त्यांनी पंखा समोर आणला आणि पुन्हा चढले. वारा छातीवर आला, गळ्याशी आला, आणि श्वास मोकळा झाला. डोळे मिटले नाहीत. घसा थोडा कोरडा पडला, पण तिथे बोलायचं होतं कुणाला?

काकू दारात उभी होती.

"कळलं?"

"कळलं."

"मग मला काय सांगताय? पोरीने तुमच्यासाठी खोटं बोलून दोष अंगावर घेतला आणि तुम्ही तो घेऊ दिलात. मी तिथेच उभी होते."

मास्तर खाली उतरले. बायकोच्या नजरेला नजर देता येईना. हँडलवरून हात फिरवत राहिले, जणू तिथे काही सांडलंय.

रविवारी सकाळी ते बाईंच्या सरावाच्या सभागृहात गेले. बाई एका चाकाच्या तारा ताणत होत्या.

"पंखा मी हलवला होता," मास्तर उभ्या उभ्याच म्हणाले. "ती केस बांधत होती तेव्हा. तिचा दोष नाही."

"ती म्हणाली तिने हलवला."

"माझी लाज राखायला."

"म्हणजे ती माझ्याशी खोटं बोलली." बाईंनी चाक खाली ठेवलं. "आता मी काय करू? खोटं बोलणारी मुलगी घेऊ?"

हे मास्तरांच्या ध्यानीमनीही नव्हतं. आपण खरं बोललो की पोरीचं काम होईल, एवढाच हिशोब करून आले होते. उलट तिलाच आणखी खड्ड्यात लोटलं. त्यांचे कान तापले. "बाई, मला काय करायचं ते करा, पण..."

"तुम्हाला मी काय करणार? तुम्ही माझ्या संघात नाही." बाईंनी चाक पुन्हा उचललं. "परीक्षा पुन्हा घेते. इथे, माझ्या पंख्यापुढे. पण एकट्या तिची घेतली तर बाकीच्यांवर अन्याय. सहाही जणी पुन्हा बसतील. आणि का बसायचं, ते त्यांना तुम्ही सांगायचं. मी नाही."

बुधवारी सहा मुली सभागृहात ओळीने बसल्या होत्या. एकीच्या गुडघ्याला पट्टी होती. पुतणी कडेला, मान खाली घालून. घरी तिला सगळं कळलं होतं, आणि तेव्हापासून ती काकांशी अवाक्षर बोलली नव्हती. मास्तर पुढे येऊन उभे राहिले. हात कुठे ठेवावेत ते समजेना. नटांना त्यांनी हजार वेळा असं उभं राहिलेलं पाहिलं होतं. इतकं उघडं पडायला होतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

"पंखा बाजूला मी नेला," ते म्हणाले. "छान दिसावं म्हणून. हिला त्रास झाला, आणि मी तिथे गप्प बसलो. माझ्यामुळे तुम्हाला पुन्हा घाम गाळावा लागतोय."

पट्टीवाली मुलगी म्हणाली, "आजोबा, मी परवा जीव काढून चालवली होती हो." त्यात राग नव्हता, नुसती दमणूक होती. मास्तरांनी हात जोडले.

बाईंचा पंखा काळा, बुटका, जमिनीला बोल्टने घट्ट बसवलेला होता. पुतणीने चाळीस मिनिटं पूर्ण केली. ती पाचवी आली. चौथीचा आकडा हिच्यापेक्षा तीनने जास्त. पाचवी म्हणजे राखीव: संघाबरोबर जायचं, कुणी आजारी पडलं तरच शर्यतीत उतरायचं. पट्टीवाली दुसरी आली, ते पाहून मास्तरांना थोडं बरं वाटलं. पण लगेच दुसरा विचार आला. चार दिवसांपूर्वीच पोरगी तापून कोसळलेली. त्यातून पाय पुरते सावरले होते का? पहिल्याच दिवशी पंखा समोर असता, तर? ते आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. बाई नाही, ती नाही, कुणीच नाही.

घरी येताना ती सायकल हाताने ढकलत पुढे चालली होती, मास्तर मागे. कोपऱ्यावर ती थांबली.

"बाईंना सांगायच्या आधी मला तरी सांगायचं होतंत, काका. सगळ्यांसमोर मी खोटारडी ठरले."

"हो. चुकलंच."

"आणि माझ्या खोलीतल्या कुठल्याही वस्तूला मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

"झाडायलासुद्धा."

"झाडायलासुद्धा नाही."

अडुसष्ट वर्षांचा माणूस भर रस्त्यात लहान पोरासारखा बोलणी खात उभा होता, आणि त्यातला एकही शब्द खोडायला त्यांना जागा सापडत नव्हती. पुतणीने त्यांच्याकडे पाहिलं. मग सायकलला लटकवलेली ओल्या टॉवेलची पिशवी काढून त्यांच्या हातात दिली आणि चालू लागली. पिशवी जड होती. मास्तर ती छातीशी धरून तिच्या मागोमाग निघाले.