गुरुवारी ग्रिलवर मावशी नको

पीठ मळून झालं होतं, ग्रिल तापलं होतं आणि जेवणाचा हॉल रिकामा होता. लागोपाठ दुसरा गुरुवार. आमची सुपरवायझर डेनिस काउंटरला टेकून म्हणाली, "आणखी एक गुरुवार बघते. मुलं आली नाहीत तर हे बंद."

मला वाईट वाटलं नाही. बरंच वाटलं. कल्पना रुचाची होती.

मी वॉटर्लूमधल्या एका रेसिडेन्सच्या, म्हणजे कॉलेजच्या हॉस्टेलच्या, कॅफेटेरियात ग्रिलवर काम करते. शाळा चौथीपर्यंत. कॅनडात आले तेव्हापासून हातात उलथनं आहे. आपल्याकडची बरीच मुलं इथे राहतात. मला मावशी म्हणतात, दिवाळीला पाया पडतात.

रुचा पुण्याची, माझ्या नातीपेक्षा जराशी मोठी. दारूच्या बाबतीत मुलांना शहाणं करायचं, हे तिचं काम. पिऊ नका असं ती म्हणत नाही. एकोणीस पूर्ण झाली की इथे कायद्याने पिता येते. ती म्हणते, पिणार असाल तर आधी जेवा, मध्ये मध्ये पाणी प्या, कुणाला एकटं सोडू नका. गुरुवारी मुलं बारमध्ये जातात. तिथे महाग पडतं, म्हणून निघण्याआधी खोलीतच भराभर पितात. याला 'प्री' म्हणतात. सगळं रिकाम्या पोटी. म्हणून रुचाने गुरुवारी ग्रिल जास्त वेळ चालू ठेवायला लावलं. मेन्यूसुद्धा तिनेच ठरवला. "मावशी, थालीपीठ करा. लाइन लागेल बघा."

लाइन लागली नाही. मला मजा वाटली.

का वाटली तेही सांगते. तिच्या ऑफिसात मुलं बूट काढून गालिच्यावर बसतात. तिला 'ए रुचा' म्हणतात. किती प्यायलो, कुठे पडलो, कोण सोडून गेली, सगळं तिला सांगतात. मला काय सांगतात? "अभ्यास चाललाय, मावशी." त्यांच्या आजारपणात डाळभात मी करून दिला. ही काल आली.

ओजसचंच बघा. नागपूरचा मुलगा, रोज माझ्याकडे ऑम्लेट खाणारा. सेमिस्टरच्या सुरुवातीला त्याला ॲम्ब्युलन्सने नेलं होतं. परत आल्यावर मला म्हणाला, "फूड पॉयझनिंग झालं, मावशी." माझ्याच हातचं खाऊन! मी आठवडाभर अंडी वास घेऊन फोडत होते. खरी गोष्ट अख्ख्या मजल्याला माहीत होती. उपाशीपोटी व्होडका. मला सगळ्यात शेवटी कळलं.

त्या रिकाम्या गुरुवारनंतर रुचा किचनमध्ये आली.

"मावशी, रागावू नका."

"रागवायचं की नाही ते ऐकल्यावर ठरवते."

"मी मुलांना विचारलं, का येत नाही. ती म्हणतात, मावशींच्या हातून ताट घ्यायचं आणि मग प्यायला जायचं, हे जमत नाही."

"मग उपाशी जातात?"

"उपाशीच जातात. आणि तुम्ही घरी जाताना कॉरिडॉरमधून जाल या भीतीने दार लावून घाईघाईत बाटली संपवतात."

"मी कधी ओरडलेय त्यांना?"

"नाही ना. ओरडला असता तर सोपं गेलं असतं."

मला ती पोरगी तेव्हा अगदी नकोशी झाली. डेनिस तिच्या मागेच उभी होती. म्हणाली, "या गुरुवारी तू डिशरूममध्ये जा. ग्रिलवर दुसरं कुणी उभं राहील."

डिशरूम म्हणजे भांडी घासायची खोली. थालीपीठ माझं, भाजणी माझ्या घरची, आणि मीच आत. नाही म्हणणार होते. तोंडात आलंही होतं. पण मला ओजसचं पांढरं पडलेलं तोंड आठवलं. "पिठात कांदा बारीक चिरा," एवढं बोलून मी एप्रन बदलला.

गुरुवारी लाइन लागली. डिशरूमला एक खिडकी आहे, तिथे मुलं रिकामी ताटं ठेवतात. तिथून मला सगळं दिसत होतं. रुचा दह्याच्या वाट्या वाटत होती. मुलं तिची थट्टा करत होती. एकजण म्हणाला, "ए रुचा, लग्नातल्यासारखा आग्रह करतेस!" ती खदखदून हसली. मी ताटं आपटत होते.

ओजस खिडकीशी आला. मला बघून थबकला.

"मावशी, तुम्ही इथे?"

"तुझ्यामुळे. आण ते ताट."

त्याने ताट दिलं, पण हलेना. "दोनच पेग घेणार आहे आज."

"मला कशाला सांगतोस? तिला सांग."

"तिला सांगितलं. तिला सांगायला काही वाटत नाही." मान खाली. "त्या वेळी फूड पॉयझनिंग नव्हतं, मावशी."

"ठाऊक आहे. अंडी चांगली होती. पाणी पी मध्ये मध्ये. जा, मागे लाइन आहे."

गुरुवार बंद झाला नाही. डेनिसने मला ग्रिलवर परत यायचं का विचारलं. मी म्हटलं, इतर दिवशी येईन, गुरुवारी नाही. मुलं आता ताट ठेवताना थांबतात, जरा बोलतात. तिच्याशी बोलतात तेवढं नाही.

मुलांनी पोट भरून जावं असं वाटत असेल, तर ज्याच्यापुढून त्यांना लपून जावं लागतं ते माणूस दारातून हलवावं. ते आपण असलो तरी. यात आनंद मानावा असं मी म्हणत नाही.

लॉबीत आता रुचाचा मोठा फोटो लावलाय, हातात ताट घेतलेला. फोटोतलं थालीपीठ माझं आहे. तेवढ्याने माझं समाधान होत नाही.