चपला घातल्यावरचं बोलणं

इंगोले सर कुठलाही प्रकल्प शेवटच्या पानापासून वाचायचे. कळमनुरीच्या कॉलेजात ते आम्हाला समाजशास्त्र शिकवत. पोरांनी हौसेनं सजवलेलं मुखपृष्ठ, आभाराचं पान, सगळं उलटून ते थेट निष्कर्षाचं पान काढायचे. तिथं ‘अशा प्रकारे’ दिसलं की लाल पेनानं समासात लिहायचे, ‘कशा प्रकारे?’ आता याला काय उत्तर द्यावं?

"घरी पाहुणा येतो," ते वर्गात सांगायचे. "पाऊसपाणी बोलतो, च्या पितो, सोयाबीनचा भाव इचारतो. खरं काम कवा सांगतो? चपलात पाय घातल्यावर. त्यो निष्कर्ष. दारात उभं राहून, मी च्या पिलो, मी भाव इचारला, असं सांगत बसतंय का कोणी?" आम्ही नेमकं तेच करायचो. चारही प्रकरणं दारात पुन्हा सांगायचो.

माझा विषय होता, आमच्या गावातल्या मुली पुढं का शिकत नाहीत. गाव आखाडा बाळापूरजवळ. मी कळमनुरीला आत्याकडं राहायचे, म्हणून माझं बी.ए. तरी होत होतं. सुट्टीत घरोघर फिरले. एकूणएक बापानं एकच कारण दिलं, बसची सोय नाही. आमच्या बाबांनीही तेच दिलं, वर नीट लिहून घे म्हणाले. एम.ए.साठी मला नांदेडला जायचं होतं, सरांनाही ते ठाऊक होतं; पण घरी त्यालाही हेच उत्तर ठरलेलं होतं.

मी गुमान लिहिलं, बससेवा सुधारावी असे सुचवण्यात येते. सरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काहून? गावातली पोरं कशानं येऊन राहिलेत?"

गावातले मुलगे कॉलेजला बसनंच येत होते. आत्याकडं जाऊन दोन ओळी लिहिल्या, ‘बस वेळेवर येते. मुलींना तिच्यात बसू दिलं जात नाही.’ यात आमचे बाबाही आले. सरांनी एकही खूण केली नाही. बाबाला वाचून दाखव, एवढंच म्हणाले. माझी कुठली छाती?

मग एका रविवारी मी गावी असताना सर स्वतःच स्कूटरवर आमच्या घरी आले. हळदीबद्दल बोलले, म्हशीबद्दल बोलले, दोनदा चहा प्याले. मी दाराआड दात-ओठ खात उभी. या माणसाला माझ्या नांदेडचा विसरच पडला की काय! शेवटी उठले, चपला घातल्या.

"पोरीला नांदेडला घाला. बस हाय."

स्कूटरला किक मारली आणि गेलेसुद्धा. बाबांचं उत्तर तोंडातच राहिलं. थांबला असता तर सांगितलं असतं, असं ते आठवडाभर पुटपुटत होते. माझा प्रकल्प सर बाजेवर ‘विसरून’ गेले होते, शेवटचं पान वर करून. बाबा येता-जाता त्याच्याकडं बघायचे. एक दिवस तो बाजेवरून उचललेला दिसला. पुढं एम.ए.चा फॉर्म त्यांनी भरू दिला.

नांदेडला निघाले त्या दिवशी बाबा थांब्यावर सोडायला आले. वाटभर कडबा, विहिरीवरची मोटार, शेजाऱ्याचा बांध, हेच बोलत होते. बस आली, मी चढले. बस हलायला लागली तसे खिडकीशी आले.

"बस टायमावर येती की गं," म्हणाले, आणि दुसरीकडं बघत उभे राहिले. मला हसूही आलं आणि रडूही कोसळलं.

बसमधूनच सरांना फोन लावला. त्यांनी बाबांचं वाक्य मला दोनदा म्हणायला लावलं.

"तुझ्यापेक्षा आखूड लिवलं बापानं," सर म्हणाले. "अन् ‘अशा प्रकारे’ बी न्हाई."