शेऱ्याचा रकाना

कबड्डीचा सामना सुरू होण्याआधी पंच खेळाडूंची नखं तपासतात. नख वाढलेलं असलं की पकडीत समोरचीची कातडी सोलून निघते. मुली दोन्ही हात पुढे करून रांगेत उभ्या राहतात, पंच एकेक हात हातात घेऊन बघतो, बांगडी-अंगठी असली तर उतरवायला लावतो. मी हे आयुष्यभर केलंय, आधी हात दाखवणारी म्हणून आणि नंतर बघणारी म्हणून. माझ्या हातून जे एक खरोखर वाईट काम झालं, तेही असाच एक हात धरलेला असताना झालं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकच्या एका कंपनीत मी बऱ्याच वर्षांपूर्वी खेळाडू म्हणून लागले होते. पुढे गुडघे कुरकुरायला लागले, खेळणं सुटलं आणि कंपनीच्या महिला संघाची मी प्रशिक्षक झाले. थंडीत कॉलेजांचे सामने सुरू झाले की साहेब मला टेबलावरून मोकळं करायचे. काम एवढंच की कॉलेजच्या मुलींचा खेळ बघायचा आणि त्यातली कोण आपल्या संघात घेण्यासारखी आहे ते लिहून द्यायचं. संघात घ्यायचं म्हणजे नोकरी द्यायची, त्यामुळे जागा वर्षाला एक, फार तर दोन.

अशी बघायला येणारी माणसं आणखीही असायची, दुसऱ्या कंपन्यांची, खात्यांची. आम्ही एकाच टपरीवर चहा घ्यायचो आणि एकमेकांना बिनदिक्कत थापा मारायचो. जी आवडली तिच्याबद्दल बोलायचं नाही, आणि जी आवडली नाही तिचं तोंड भरून कौतुक करायचं. सगळ्यांना हे ठाऊक होतं, तरी सगळे करायचे. मला त्यात मजा यायची, खोटं कशाला बोलू? आपल्या बोटावर कुणाचं तरी नशीब फिरतंय ही भावना फार गोड असते.

माझ्याकडे छापील तक्ता असायचा. चढाई, पकड, दम, पायांची चपळाई, प्रत्येकाला दहापैकी गुण. शेवटी एक रुंद रकाना, शेरा. साहेबांना कबड्डीतलं ओ की ठो कळत नव्हतं. ते सरळ शेऱ्यावर बोट ठेवायचे आणि विचारायचे, "बाई, ही टिकेल ना?" टिकेल म्हणजे लग्न करून चालू तर लागणार नाही ना. पुरुषांच्या संघाचा प्रशिक्षक शेऱ्यात 'तापट', 'आळशी', 'तंबाखू खातो' असलं काही लिहायचा. मला पोरींचं लग्न लिहावं लागायचं. लिहावं लागायचं असं म्हणते, पण मी कधी हरकत घेतल्याचं मला आठवत नाही.

त्या वर्षी जागा एकच होती आणि दोघी डोळ्यांत भरल्या होत्या. एक शहरातल्या कॉलेजची, उंच, पकडीला बरी. दुसरी मनमाडची. रोज रेल्वेने नाशिक रोडला यायची, तिथल्या कॉलेजात शिकायची, सराव करून संध्याकाळच्या गाडीने परत जायची. सडपातळ, सावळी, अबोल. पण चढाईला गेली की बघत राहावं. डाव्या कोपऱ्यातली मुलगी पायाला झोंबायला वाकली रे वाकली, की ही तिच्या हाताखालून डावीकडे वळून मध्यरेषेवर परत. दारातून मांजर सटकावं तशी. अशी डावी बाजू मी माझ्या सगळ्या खेळात दोघींची पाहिली असेल. तक्त्यात मी तिच्या चढाईला नऊ गुण दिले. नऊ मी कुणाला देत नसे.

नाव मुसलमानी होतं. हे मी इथेच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातून झालंय.

उपांत्य सामन्याला पंचांपैकी एक जण आला नाही, तर आयोजक म्हणाले, "बाई, तुम्ही जरा नखं बघून घ्या." मी एकेकीचे हात बघत रांगेवरून निघाले. तिच्यापाशी आले, तिने हात पुढे केले. दोन्ही तळहातांवर गडद मेंदी, बोटांच्या टोकांपर्यंत. मी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, ती जराशी हसली. मी तिचे हात खाली सोडले आणि पुढच्या मुलीकडे वळले.

तेवढंच. विचारलं नाही. जिभेला काय हाड असतं का, एरवी मी कुणालाही काहीही विचारते, पण त्या दिवशी विचारलं नाही. मला वाटलं, मला कळलंच आहे. ठरलं असणार पोरीचं, त्यांच्यात लवकरच उरकतात. हे वाक्य माझ्या डोक्यात जसंच्या तसं आलं होतं, मी ते आज मऊ करून सांगणार नाही. सामना ती जवळजवळ एकटीने जिंकून गेली. संध्याकाळी घरी बसून मी शेऱ्यात लिहिलं, 'लग्न ठरलेले दिसते. टिकण्याची शक्यता कमी.' साहेबांनी बोट ठेवलं, वाचलं आणि शहरातल्या मुलीच्या नावापुढे सही केली.

आता माझं ऐका. मी स्वतः कंपनीत लागले तेव्हा माझी निवड करणाऱ्या बाईंनीही माझा हात असाच धरला होता. माझा साखरपुडा होऊन तीन आठवडे झाले होते. अंगठी मैदानावर चालत नाही म्हणून मी ती रुमालात बांधून पिशवीत टाकली होती, पण बोटावर तिचा पांढरा वळ दिसत होता. बाईंनी वळ पाहिला आणि विचारलं, "लग्न ठरलंय का गं?" मी म्हणाले, "नाही हो." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुढे गेल्या. माझी निवड झाली. चार महिन्यांत लग्न झालं, आणि लग्नानंतर मी सहा वर्षं खेळले, कर्णधार झाले. म्हणजे लग्न झालेली टिकत नाही हे खोटं आहे, याचा जिताजागता पुरावा कोण, तर मीच. आणि तो शेरा लिहिणारी कोण, तीही मीच.

पंधरा-वीस दिवसांनी ती आमच्या सरावाच्या मैदानावर आली. सायकली लावतात तिथे माझी वाट बघत उभी होती. म्हणाली, "मॅडम, रागावू नका. माझं कुठं कमी पडलं तेवढं सांगा. घरी सांगून ठेवलं होतं की नोकरी लागली तर खेळत राहीन. आता आणखी एखादं वर्षच मिळेल. चूक कळली तर सुधारीन."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, तेच मला सहन झालं नाही. खरं सांगायचं तर काय सांगणार होते? तुझा हात बघितला म्हणून? काहीतरी बोलायला हवं होतं आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणाले, "डावीकडून परतताना मंदावतेस तू. तिथे पकडली जाशील." का नेमकं तेच तोंडात आलं, देव जाणे. बहुतेक तिचा खेळ आठवला की पहिल्यांदा तेच आठवायचं म्हणून. तिने मान डोलावली. "हो मॅडम, मलाही वाटायचं कधी कधी," म्हणाली. वाटण्यासारखं काही नव्हतं गं पोरी. मी सांगितलं म्हणून तुला वाटलं.

मग मी तिला बघू लागले. माझी बस कॉलेजच्या मैदानावरून जायची. सकाळी बाकीच्या मुली यायच्या आत ती एकटी मातीत वीट ठेवून तिच्याभोवती डावीकडे वळायचा सराव करत असायची. वळायची, परत यायची, पुन्हा वळायची. मी बसमध्ये दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसायला लागले. पुढच्या वर्षी कंपनीने महिलांची भरतीच बंद केली. म्हणजे तिची एकच संधी होती, तीच. आणि माझ्या मनात काय आलं सांगू? बरं झालं, आता ती पुन्हा विचारायला येणार नाही. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात ना, तसं. इतकी मी कोती.

सात-आठ वर्षं गेली. मी निवृत्तीच्या वाटेवर होते आणि शाळांच्या सामन्यांना पंच म्हणून जात होते. त्या वर्षी दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आल्या होत्या, आणि सुट्टी संपल्या संपल्या नाशिकला मुलींचे सामने ठेवले होते. मनमाडच्या एका शाळेचा संघ होता, तेरा-चौदा वर्षांच्या पोरी. नखं बघायला गेले तर निम्म्या मुलींची नखं केशरी. तळहात स्वच्छ, फक्त नखं रंगलेली. मी एकीला विचारलं, "हे काय गं?"

"मेंदी, मॅडम. ईदची."

मागून बाईमाणसाचा आवाज आला, "नखांवरची लवकर जात नाही, मॅडम. माझी तर होळीपर्यंत राहायची."

मी वर पाहिलं. ती होती. अंगाने थोडी भरलेली, गळ्यात शिट्टी. त्या मुलींची बाई.

माझ्या हातात त्या पोरीचा हात तसाच राहिला. मला त्या हिवाळ्यातला एक डबा आठवला. कंपनीत माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने घरून आणलेला शीरखुर्मा. मी दोन वाट्या खाल्ल्या होत्या आणि वर त्याच्या बायकोला निरोप पाठवला होता की पुढच्या ईदला चारोळी जास्त घाला. तो डबा आणि तो उपांत्य सामना एकाच आठवड्यातले. ईद माझ्या पोटात होती आणि तरी त्या पोरीच्या हातावर मला ती दिसली नाही.

सामना त्यांनी जिंकला. आणि कसा जिंकला म्हणाल, तर सगळ्या चढाईवाल्या डावीकडून परतत होत्या. एकही पकडली गेली नाही. पंच म्हणून मी गुण देत होते आणि माझा आवाज मला परका वाटत होता.

सामन्यानंतर ती मुलींना घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "अब्बा म्हणाले होते, चूक कळली आहे तर अजून दोन वर्षं खेळ, मी बघतो. दोन वर्षं खेळले. भरती काही निघाली नाही. मग शिक्षिका झाले." लग्न कधी झालं, असं मी विचारलं. मला ते विचारायचंच होतं. "खूप उशिरा, मॅडम. सव्विसाव्या वर्षी." मग ती मुलींकडे वळली. "याच त्या मॅडम. माझी डावी बाजू कच्ची आहे हे मला यांनीच सांगितलं होतं. बाकी सगळे नुसती स्तुती करायचे." मुली माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना ही गोष्ट पाठ होती, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं.

मला वाटलं, आता तरी बोल. मी म्हणाले, "अगं, तुझी डावी बाजू चांगलीच होती. तेव्हाही होती. मी नऊ गुण दिले होते तुला."

ती माझ्याकडे बघून हसली, अगदी मनापासून. "ऐकलंत का गं? इतकी वर्षं झाली, तरी मॅडम माझं मन राखतात."

शेरा सांगायला एवढीच वेळ होती. मी तोंड उघडलं, आणि मिटलं. सामना संपला की हात मिळवायचा असतो, तिनेच त्यांना शिकवलेलं. बारा पोरी रांगेने आल्या आणि मी केशरी नखांचे, साध्या नखांचे ते सगळे हात एकेक करून हातात घेतले. शेवटी तिने हात पुढे केला. तोही घेतला.