माझी कुजबुज

धाकट्या बहिणीला बघायला करी रोडची मंडळी आली होती. मी बायकोच्या कानात कुजबुजलो, "मुलगा बरा आहे, पण आई खाष्ट दिसते." ती कुजबुज चाळीतल्या पुढच्या तीन खोल्यांत पोचली. मुलाच्या आईने पोह्यांची बशी खाली ठेवली आणि मंडळी उठून गेली.

बहीण आत रडत बसली. मी नेहमीचं कारण सांगितलं, "वीस वर्षं मागांच्या खडखडाटात गेली. गिरणीतल्या माणसाला हळू बोलणं जमायचंच नाही." संपात नोकरी गेली, पण हा समज मी गिरणीच्या बिल्ल्यासारखा जपून ठेवला होता.

बायको म्हणाली, "गिरणी बंद होऊन दोन वर्षं झाली. उद्या जाऊन माफी मागा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. भीतीने माझा आवाज इतका मऊ निघाला की मुलाच्या आईला पुढे सरकून ऐकावं लागलं. ती हसली, तिने चहा टाकला आणि लग्न ठरलं.

जिना उतरताना मी खुशीत म्हणालो, "बघितलंस ना गो, जमतं मला."

"बघितलं," बायको म्हणाली. "इतकी वर्षं मला वाटायचं, तुमचा आवाजच तसा आहे. म्हणजे तुम्ही माझ्यावर ओरडतच होतात."